टायरॉड एंड घरी बदलताना: माप, टेपर आणि टो

आटेवाला

पावसाळा संपत आला की "खड्ड्यात पुढून खटखट येते", "स्टीअरिंग सैल वाटतं" असे प्रश्न वाढतात. त्यातली बरीच दुखणी बाहेरच्या टायरॉड एंडची असतात. स्टीअरिंग रॅकमधून आलेला दांडा चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग) जिथे जोडला जातो, तिथला हा बॉल जॉइंट. जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटला की ग्रीस धुऊन जातं, चिखल आत शिरतो आणि बॉल आपल्या वाटीत खेळायला लागतो. हा जॉइंट पूर्ण निसटला तर ते चाक स्टीअरिंगचं ऐकत नाही, म्हणून थोडा सैल असला तरी तो बदलायचा भाग आहे, ढकलगाडी करायचा नाही.

खाली लिहितोय ते मारुती ८००, अल्टो, वॅगनआर, स्विफ्टसारख्या रॅक अँड पिनियनच्या छोट्या गाड्यांबद्दल.

आधी खात्री करा. हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना उटी (अडसर म्हणून दगड किंवा ठोकळा) लावून पुढचं चाक उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी चाक धरून आळीपाळीने ढकला. टक् आवाज येऊन ढिलाई लागली तर रोग स्टीअरिंगकडे आहे. १२ आणि ६ ला धरल्यावर हललं तर लोअर बॉल जॉइंट बघा. दोन्हीकडे सारखंच हलत असेल तर बहुतेक चाकाचं बेअरिंग. यापेक्षा खात्रीची तपासणी चाकं जमिनीवर असताना होते: एकाने किल्ली चालू करून स्टीअरिंग दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे हलवायचं, दुसऱ्याने टायरॉड एंडवर अशी बोटं ठेवायची की अर्धी बोटं जॉइंटवर आणि अर्धी नकलच्या हातावर येतील. दोन्ही भाग एकत्र हलले पाहिजेत. एक आधी आणि दुसरा मागून हलला की तो फरक बोटांना लगेच कळतो. रॅकच्या बुटाच्या आत इनर जॉइंट असतो, बूट हाताने दाबून तोही असाच चाचपा. इनर गेलेला असताना बाहेरचा बदलून काही साधत नाही.

हत्यारं: १७ आणि १९ चे रिंग व फिक्स पाने, लॉकनटसाठी (एंडला दांड्यावर जागच्या जागी घट्ट धरणारा नट) २२ पर्यंतचा एक, व्हील पाना, किलोभर वजनाचे दोन हातोडे किंवा बॉल जॉइंटचा पुलर, तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल, स्टीलची पट्टी, पांढरा पेंट, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरालाच आवळता येतो असा). डिकीतला कात्री जॅक फक्त उचलण्यापुरता. आपण हातोडा मारणार आहोत, आणि त्या हादऱ्याने गाडी जॅकवरून सरकू शकते. जॅक स्टँड हवाच. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा, तो दुसरा आधार.

आदल्या रात्री लॉकनट आणि आटे ब्रशने घासून तेल मारून ठेवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा.

चाक काढलं की पहिलं काम माप. यात घाई केली तर बाकीचं सगळं बरोबर करूनही गाडी वाकडी चालते. स्टडच्या (एंडमधून निघून नकलमध्ये बसणारी आटेदार खुंटी) मध्यापासून लॉकनटच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. मग नट, दांडा आणि एंड या तिन्हींवरून जाणारी पेंटची एक सरळ रेघ ओढा. आता दांड्यावरच्या चपट्या जागेला एक पाना लावून तो स्थिर धरा आणि दुसऱ्या पान्याने लॉकनट फक्त पाव फेरा सोडवा. दांडा न धरता नट फिरवला तर तो बुटाला पीळ घालतो आणि सगळा जोर इनर जॉइंटवर जातो.

पुढे स्प्लिट पिन सरळ करून काढा. पिन गंजून तुटली तर बारीक पंचाने मारून बाहेर घ्या. नट सोडवत आणून स्टडच्या टोकाशी बरोबरीत ठेवा, पूर्ण काढू नका. स्टड नकलमधून सोडवायचा (याबद्दल खाली वेगळं लिहितो), मग नट काढून एंड खाली घ्यायचा आणि फेरे मोजत दांड्यावरून फिरवून काढायचा. नवा तितकेच फेरे आत घ्या, पण शेवटचा निर्णय लिहून ठेवलेल्या मापानेच. नव्या एंडची लांबी जुन्यापेक्षा दोन मिलिमीटरने जरी वेगळी असली तरी फेऱ्यांचा हिशोब चुकतो, स्टडच्या मध्यापासूनचं माप चुकत नाही.

टेपर (स्टडचा निमुळता भाग) कोरड्या फडक्याने पुसून स्टड बसवा, नवा नट टॉर्कला आवळा, नवी पिन घाला. एंड आपल्या हालचालीच्या मधोमध सपाट धरून लॉकनट आवळा. चाक लावा, गाडी खाली घ्या, चाकाचे नट टॉर्कला आवळा आणि हळू चालवत अलाइनमेंटला न्या.

कोकणवाट

उत्तम धागा. एक भर घालतो. लाल मातीच्या भागात बूट फाटलाय हे वरवर बघून कळत नाही, कारण चिखल वाळून चिरेवर लिंपलेला असतो. पाण्याने धुऊन, बुटाची घडी बोटाने उलगडून बघा. चिरा बहुतेक खालच्या ओठाशी, स्टडभोवती पडतात. तिथून गंजाचा तपकिरी ओघळ दिसला तर आत पाणी गेलंच आहे म्हणून समजा. असा जॉइंट आज हलत नसला तरी त्याचं आयुष्य संपलेलं आहे. वरून नवा बूट चढवून आणि ग्रीस भरून तो वाचत नाही, आत गेलेली माती बॉलला घासत राहते.

सिंहगडरोड

टेपर सोडवण्याबद्दल सविस्तर लिहा ना दादा. तेल मारून, नट काढून, खालून हातोडा मारला तर स्टडचे आटे मशरूमसारखे पसरतात आणि एंड हलत नाही, अशी तक्रार बरेच जण करतात.

आटेवाला

स्टडवर मारायचंच नाही. टेपर अडकलेला असतो तो नकलच्या डोळ्यात (स्टड बसतो त्या भोकात), त्यामुळे हादरा डोळ्याला द्यायचा.

डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा ऐरणीसारखा टेकवून धरा आणि बरोबर समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याचा एक ठाम फटका द्या. हळूहळू दहा ठोके मारण्यात अर्थ नाही. जोराच्या फटक्याने डोळा क्षणभर किंचित लंबगोल होतो, टेपरची पकड सुटते आणि एंड 'टप्' करून खाली येतो. नट टोकाशी ठेवायला सांगितला तो याचसाठी: एंड खाली आपटत नाही आणि आटेही जपले जातात. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर फटक्याच्या वाटेत नाही ना, ते आधी बघा.

सगळ्यात चांगली रीत म्हणजे पुलर लावून त्याला बऱ्यापैकी ताण द्यायचा आणि मग डोळ्यावर बाजूने एक फटका. ताण आणि हादरा एकत्र आले की गंजलेले टेपरही सुटतात. नुसत्या पुलरला आवळत बसलं तर त्याचा बोल्ट तरी वाकतो, नाहीतर तो ताणलेला असताना निसटून तोंडावर येतो. पुलरसमोर चेहरा ठेवू नका, डोळ्यांना गॉगल घाला.

दोन दातांचा काटा हातोड्याने आत ठोकायची पद्धत आहे. ती चालते, पण बूट हमखास फाडते. एंड टाकूनच द्यायचा असेल तेव्हाच वापरा. लोअर आर्म किंवा शॉकअब्सॉर्बर काढण्यासाठी चांगला एंड सोडवायचा असेल तर काटा हातातही घेऊ नका.

नकल ॲल्युमिनियमची असेल तर हातोडा पूर्ण बंद, फक्त पुलर. वर नाव घेतलेल्या गाड्यांत ओतीव लोखंडाची असते, तिला हा फटका सोसतो.

वरणगाव_वर्कशॉप

+१ दोन हातोड्यांना. गॅसने डोळा तापवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शेजारी ब्रेकची रबरी नळी, शाफ्टचा बूट आणि चाकाच्या बेअरिंगचं सील असतं. शिवाय बंद जॉइंट तापला की आतलं ग्रीस वाफाळून फुटतं.

नवा पार्ट घेताना काय बघायचं ते सांगतो. डावा-उजवा वेगळा असू शकतो, अंगावर एल किंवा आर कोरलेलं असतं. त्याच मॉडेलच्या साध्या स्टीअरिंगच्या आणि पॉवर स्टीअरिंगच्या गाडीत आट्यांचा व्यास वेगळा निघू शकतो, म्हणून दुकानदाराला नुसतं "अल्टोचा द्या" म्हणू नका. चेसिस नंबर द्या, नाहीतर जुना एंड काढून सोबत न्या. कंपनीचा जेन्युइन पार्ट किंवा रॅनेसारख्या स्टीअरिंगचे पार्ट बनवणाऱ्या जुन्या नावाचा घ्या. बाजारात हुबेहूब खोक्यात नकली माल असतो, म्हणून खोक्यापेक्षा वस्तू बघा. स्टड बोटांनी फिरवायला आणि कलवायला बऱ्यापैकी जोर लागला पाहिजे, हालचाल एकसारखी जड हवी. स्वतःच्या वजनाने लोंबणारा किंवा मध्येच अडखळणारा स्टड परत द्या. बूट मऊ आणि त्याची रिंग घट्ट बसलेली हवी. टेपरवर लेथच्या खरखरीत रेघा नकोत. नट आणि पिन सोबत नवीन मिळते का ते बघा, नसेल तर तिथेच वेगळी घ्या.

अनघा_पी

दोन प्रश्न आहेत. नट आवळताना स्टडच गोल फिरायला लागला तर काय करायचं? आणि एकाच बाजूचा खराब असेल तर दोन्ही बदलायचे का?

आटेवाला

ताई, स्टड फिरतो कारण टेपर अजून बसलेला नाही, आणि काही स्टडवर पिनऐवजी असणाऱ्या नायलॉनवाल्या लॉकिंग नटचं घर्षण त्याच्यापेक्षा जास्त आहे. एंडच्या खाली जॅक लावून हलका दाब द्या, म्हणजे स्टड डोळ्यात चेपला जाईल, आणि मग नट आवळा. स्टड वरून खाली घातलेला असेल तर जॅकऐवजी मोठा सी-क्लॅम्प लावा. दाब बेताचा हवा, गाडी स्टँडवरून उचलली जाता कामा नये. काही स्टडच्या टोकाला ॲलन कीची खाच असते, तिथे की लावून धरता येतं. जुना नट काढताना हाच त्रास झाला तर रीत तीच. आणखी एक: सुरुवातीला साधा नट लावून टेपर ओढून घ्यायचा आणि मग तो काढून लॉकिंग नट लावायचा. हे फार सोपं पडतं.

नायलॉनचा नट एकदा काढला की संपला. त्याची पकडच नायलॉनच्या कड्यावर असते आणि ते कडं पहिल्या वेळी कापलं जातं.

दोन्ही बाजूंबद्दल माझं मत: दुसऱ्या बाजूचा जॉइंट घट्ट आणि बूट शाबूत असेल तर बदलायची गरज नाही. ब्रेक पॅडसारखा हा जोडीने बदलायचा पार्ट नव्हे.

वरणगाव_वर्कशॉप

इथे थोडा असहमत. दोघांनी तेवढेच खड्डे खाल्लेले असतात. एक लाख किलोमीटरच्या वर चाललेल्या गाडीत दुसरा लवकरच जातो, आणि तेव्हा अलाइनमेंटचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. एंड स्वस्त आहे, दोन्ही एकदम बदलून एकच अलाइनमेंट करणं मला पटतं. मात्र दोन्ही एकाच वेळी काढू नका. एक बाजू पूर्ण बसवून मगच दुसरीला हात लावा, म्हणजे मोजमापाला निदान एक बाजू जागेवर असते.

यंत्रवही

माप इतकं जपायचं का, त्याचा हिशोब मांडतो. दांड्याच्या आट्यांचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात सरकायचं अंतर, दीड मिलिमीटर धरा. एक पूर्ण फेरा चुकला म्हणजे नकलचा हात दीड मिलिमीटर सरकला. या हाताची लांबी चाकाच्या वळण्याच्या अक्षापासून साधारण १२ सेंटिमीटर धरली तर चाक ०.७ अंशाने वळतं. १५५/८० आर १३ टायरचा व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर. म्हणजे टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत ७.२ मिलिमीटरचा फरक पडला, तोही एकाच चाकावर. टो म्हणजे पुढची चाकं पुढच्या कडेला किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप; या छोट्या गाड्यांचा टो शून्याच्या आसपास असतो आणि सूट एक-दोन मिलिमीटरची. एक फेरा चुकला तर आपण त्या सुटीच्या कित्येक पट बाहेर.

लॉकनटला सहा बाजू असतात. एक बाजू म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, टायरवर सुमारे १.२ मिलिमीटर. डोळ्यांना तर एवढा फरक दिसतही नाही. म्हणून पट्टीने मोजून बसवलेला एंड कितीही चोख वाटला तरी अलाइनमेंटला पर्याय नाही. पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे वाचला गेला तरी टायरवर तो जवळजवळ पाच पट होतो.

सिंहगडरोड

अलाइनमेंटवाल्यापर्यंत जाण्यापुरता टो घरी मोजायचा असेल तर दोरी धरून करतात तसं चालेल का?

यंत्रवही

दोरीने चालतं, पण पुढची आणि मागची चाकं एका रेषेत नसतात, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वेगळा असतो, तो फरक दोन्ही बाजूंना सारखा विभागावा लागतो. त्यापेक्षा टेपची पद्धत साधी आहे.

सपाट फरशीवर गाडी सरळ थोडी पुढे ढकलून थांबवा, म्हणजे चाकं आपापल्या जागी बसतात. दोन्ही पुढच्या टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर, नक्षीच्या मधोमध बारीक खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मोजा. आता गाडी पुढे ढकला, चाक अर्धा फेरा फिरून त्याच खुणा पुढच्या बाजूला हबच्या उंचीवर येतील. पुन्हा मोजा. मागचं माप जास्त तर टो-इन, पुढचं जास्त तर टो-आउट. त्याच खुणा वापरल्यामुळे रिम थोडी वाकडी असली किंवा टायर असमान असला तरी माप बिघडत नाही. गाडी मागे ढकलून मोजू नका. मागे जाताना बुशांमधली ढिलाई उलट्या दिशेला जाते आणि टो वेगळाच येतो.

ऑइल पॅन किंवा इंजिनचा खालचा भाग टेपच्या आड येत असेल तर दोन उभ्या काठ्यांनी माप खाली उतरवून घ्या.

कोकणवाट

टायर बघूनही टो कळतो. तळहात टायरच्या नक्षीवरून बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीच्या दातांसारखं लागलं तर टो बिघडलेला आहे. आत येताना धार बोचत असेल तर टो-आउट, बाहेर जाताना बोचत असेल तर टो-इन. एंड सैल असताना चालवलेल्या गाडीत ही धार हमखास सापडते, आणि नवा एंड लावल्यावरही तिच्यामुळे टायर गुणगुणत राहतो. तो आवाज बेअरिंगचा समजून बेअरिंग बदलू नका.

माणदेशी

आमच्याकडे महिंद्राच्या जुन्या कमांडर आणि मेजर जीप अजून रोज धावतात. त्यांना हीच पद्धत लागू का?

वरणगाव_वर्कशॉप

तत्त्व तेच, मांडणी वेगळी. त्यांना पुढे अखंड ॲक्सल आहे, त्यामुळे दोन चाकांना जोडणारा लांब टायरॉड आणि स्टीअरिंग बॉक्सकडून येणारा ड्रॅगलिंक असे वेगळे दांडे येतात. टायरॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, तिथे पाना नेहमीच्या दिशेने फिरवला तर एंड सुटण्याऐवजी आत जातो. एका बाजूला सुलटे आणि दुसऱ्या बाजूला उलटे आटे असल्यामुळेच मधला दांडा जागच्या जागी फिरवून टो बसवता येतो. लॉकनटऐवजी क्लॅम्प असतात. त्यांचे बोल्ट आवळताना क्लॅम्पची फट दांड्याच्या फटीशी जुळवा आणि बोल्टचं डोकं वळणावर स्प्रिंगला घासत नाही ना, ते चाकं पूर्ण दोन्हीकडे वळवून बघा.

ग्रीसचं निपल असलेल्या एंडला दर सर्व्हिसला ग्रीसगन लावा, जुनं काळं ग्रीस बुटाच्या ओठातून बाहेर यायला लागलं की थांबा. बूट फुगेपर्यंत मारलं तर तो रिंगेतून निसटतो. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरलाही हेच लागू, फक्त तिथे चिखलामुळे ग्रीस जास्त वेळा मारावं लागतं.

अनघा_पी

टॉर्क पाना नसेल तर? आणि खाचांच्या नटात पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा मागे घ्यायचा का?

आटेवाला

मागे अजिबात नाही. आधी ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळा आणि मग पुढची खाच भोकासमोर येईपर्यंत आणखी आवळा. मागे घेतलं तर टेपरवरचा ताण कमी होतो, स्टड डोळ्यात सूक्ष्म हलू लागतो आणि डोळा झिजतो. पिन फक्त नट फिरू देत नाही, जोड घट्ट ठेवायचं काम टेपरचं. पिनचं एक पाय स्टडच्या टोकावरून वर आणि दुसरं नटाच्या अंगावर खाली वळवा, लांब टोकं कापून टाका म्हणजे बुटाला लागणार नाहीत.

छोट्या मारुती गाड्यांना स्टडचा नट आणि लॉकनट दोन्ही साधारण ४० ते ५० न्यूटन मीटरच्या टप्प्यात येतात. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. चाकाच्या नटांना ८५ ते १०० च्या आसपास. टॉर्क पाना भाड्याने किंवा मागून आणता येतो आणि स्टीअरिंगच्या कामाला तो आणावाच. हाताला अंदाज हवा म्हणून सांगतो: ४५ न्यूटन मीटर म्हणजे ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे १५ किलोचा जोर. लोक भीतीपोटी याच्या दुप्पट आवळतात, त्याने स्टड ताणला जातो.

टेपरला ग्रीस किंवा तेल लावू नका. कोरडा धातू कोरड्या धातूला धरतो. तेल असलं की त्याच टॉर्कला टेपर जास्त आत खेचला जातो, आणि पुढच्या वेळी सोडवताना त्रास होतो. दांड्याच्या आट्यांना मात्र थोडं कॉपर ग्रीस जरूर लावा. पुढची अलाइनमेंट करणारा माणूस दुवा देईल.

यंत्रवही

डोळा झिजला आहे की नाही हे बघायची युक्ती. नवा एंड बसवण्याआधी स्टडच्या टेपरवर वरपासून खालपर्यंत मार्कर पेनने चार उभ्या रेघा ओढा. स्टड डोळ्यात हाताने दाबून अर्धा फेरा फिरवा आणि बाहेर काढा. रेघा पूर्ण लांबीभर पुसल्या गेल्या असतील तर टेपर नीट बसतोय. फक्त वरचं किंवा फक्त खालचं टोक पुसलं गेलं तर डोळा घंटेसारखा पसरला आहे किंवा पार्ट चुकीचा आहे. हाताने दाबलेला स्टड डोळ्यात डुलत असेल तरी तेच. अशा वेळी पत्र्याची पट्टी गुंडाळून किंवा जास्त आवळून चालवायचं नाही, नकलच बदलावी लागते. सैल नटावर बरेच दिवस चाललेल्या गाडीत हे आढळतं. स्टड काढल्यावर आत चकचकीत कंगोरा दिसला की ही तपासणी कराच.

सिंहगडरोड

एंड बदलून अलाइनमेंट झाली, पण सरळ रस्त्यावर स्टीअरिंग डावीकडे कललेलं राहतं. गाडी ओढत नाही. यात कुणाची चूक?

वरणगाव_वर्कशॉप

एकूण टो बरोबर आहे, पण तो सगळा एकाच बाजूच्या दांड्यावर बसवला गेला आहे. स्टीअरिंग मधोमध ठेवून, क्लॅम्प लावून मगच दोन्ही बाजूंना वेगवेगळा टो बसवायला हवा होता. परत न्या. आता दोन्ही दांडे सारख्याच प्रमाणात, एक लांब आणि एक आखूड करायचा, म्हणजे एकूण टो न बदलता स्टीअरिंग सरळ होतं. कुणी स्टीअरिंग चाक काढून एक दात फिरवून लावतो म्हणाला तर नको म्हणा. त्यात एअरबॅग असू शकते, आणि रॅक मधोमध नसल्यामुळे डावीकडचं आणि उजवीकडचं वळण कमीजास्त होतं.

टो बसवताना रॅकच्या बुटाची बाहेरची छोटी क्लिप आधी सोडायला सांगा. ती न सोडता दांडा फिरवला की बूट पिळतो, आणि पुढच्या पूर्ण वळणावर फाटतो. ईएसपी (घसरताना गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत अलाइनमेंटनंतर स्टीअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो, नाहीतर दिवा लागतो.

माणदेशी

नट आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं का? लोअर आर्मच्या बाबतीत तसं सांगतात.

आटेवाला

टायरॉड एंडला गरज नाही. लोअर आर्मच्या रबरी बुशाला आवळताना जी स्थिती असते तीच त्याची आरामाची स्थिती होते, म्हणून ते वजनावर आवळतात. बॉल जॉइंट सगळीकडे मोकळा फिरतो, त्याला असा पीळ बसत नाही. फक्त लॉकनट आवळताना एंड एका टोकाला कललेला नको. आवळून झाल्यावर स्टीअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे नेऊन बघा. कुठेही जॉइंट अडखळत किंवा बूट ताणला जात असेल तर लॉकनट सोडून, एंड मधोमध आणून पुन्हा आवळा.

अनघा_पी

सगळं लिहून घेतलं. शेवटचं एक: जागा अरुंद आहे, हातोडा फिरवायला वाव मिळत नाही.

आटेवाला

माप घेऊन झालं की स्टीअरिंग वळवून घ्या. या गाड्यांत रॅक ॲक्सलच्या मागे असतो. डाव्या चाकाचं काम असेल तर स्टीअरिंग उजवीकडे वळवा, नकलचा हात बाहेरच्या अंगाला येतो आणि फटक्याला जागा मिळते. उजव्या चाकाला उलट. किल्ली लावलेली ठेवा, म्हणजे स्टीअरिंग लॉक बसणार नाही. फेरे मोजत एंड काढण्याआधी पुन्हा सरळ करायची गरज नाही, माप स्टडपासून लॉकनटपर्यंतचं आहे, ते स्टीअरिंग कुठेही असलं तरी बदलत नाही. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर नट, पिन आणि लॉकनटवर नव्याने ओढलेली पेंटची रेघ एकदा बघून घ्या. रेघ सरकलेली दिसली तर लॉकनट पुन्हा आवळून अलाइनमेंट तपासून घ्या.